लाल एट हंड्रेडची डावी सीट

मी, सौ. चंद्रभागा शेखर आहेर, वय एकोणसाठ, राहणार सातपूर कॉलनी, नाशिक, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाखाली न येता, उलट घरातल्या सगळ्यांचा दबाव झुगारून, हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कसलाही आजार नाही. येत्या शनिवारी-रविवारी हौशी चालकांच्या मोटार स्पर्धेत मी स्वतःची गाडी घेऊन उतरते आहे. मैदानात मांडलेल्या प्लॅस्टिकच्या कोनमधून गाडी काढायची, पेठ रस्त्याचा घाट चढायचा आणि शेवटी नकाशा पाहून ठरल्या वेळेत गावोगाव फिरून यायचं. माझा मुलगा रविराज म्हणाला, "आई, या वयात काही झालं म्हणजे?" झालं तर हे वाच, बाळा.

कलम १. राहतं घर मी शाळेची व्हॅन चालवून उभं केलं, ते माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते माझे पती शेखर यांना मिळावं. बाईमाणसानं गाडी चालवून कुठं घर होतं का, असं म्हणणाऱ्या सासरच्या मंडळींना त्याच घराच्या ओट्यावर बसून चहा प्यायची मुभा आहे.

कलम २. मोहनमाळ मुलगी निकिताला. पोस्टातली ठेव नात आरोहीला, मात्र त्यातून आधी गाडीचं लायसन्स निघालं पाहिजे, बाकीचं नंतर.

कलम ३. जॅक आणि पान्यांची पेटी रविराजला. मालेगावच्या रस्त्यावर स्टेपनी बदलायला त्यानं माणूस बोलावला होता. मी शेजारीच उभी होते. मला विचारलंसुद्धा नाही.

कलम ४. समोरचे कारभारी भाऊजी मी गाडी मागे घेताना दरवेळी पाठीमागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" करतात. एकदा त्यांच्याच भरवशावर चाक गटारात गेलं आणि वर म्हणाले, "वहिनी, जरा बघून!" द्वारकेच्या चौकातून रोज संध्याकाळी पोरांनी भरलेली व्हॅन काढणाऱ्या मला! माझी शववाहिका मागे घेताना भाऊजींनी तिच्यामागे उभं राहायचं नाही. ही अट आहे.

कलम ५. लाल एट हंड्रेड. ही कोणी विकायची नाही. माझ्यानंतर निकिताची, तिच्यानंतर आरोहीची. ह्यांना गाडी देत नाही, कारण सांगते. दसऱ्याला हार मी घालते, चाकांना हळदकुंकू मी लावते, आणि लिंबावरून गाडी न्यायला हे बसतात. बाकी वर्षभर मी चालवत असले की हे मागच्या सीटवर पेपर उघडून बसतात. शेजारी बसले तर लोक म्हणतील, बायको फिरवते. इतकी वर्षं माझी डावी सीट रिकामी गेली. मला त्याचं वाईट वाटतं, आज लिहून ठेवते.

आता त्याच सीटवर सगळं अडलं आहे. नकाशाच्या फेरीला शेजारी रस्ता सांगणारा माणूस लागतो. शनिवारी सकाळपर्यंत नाव दिलं नाही तर आपण स्पर्धेतून बाद. निकिता बसणार होती, पण तिला सातवा महिना आहे. रविराजला लोकांची लाज वाटते. गॅरेजवाले नजीरभाई म्हणाले, "ताई, गाडी अशी बनवून देतो की घाट सलाम करेल. पण बसायला सांगू नका, वळणावर मला उलट्या होतात." कोणी नाही आलं तरी मी शनिवारी जाणार. बाद करायचं तर त्यांनी मला तोंडावर करावं.

ठिकाण: सातपूर, नाशिक. दिनांक: २० नोव्हेंबर २०२५.

साक्षीदार: १. नजीर शेख (सही)
२. ~~शेखर आहेर~~

खुलासा: दुसऱ्या साक्षीदाराचं नाव त्यांनी स्वतः खोडलं. सगळं वाचून झाल्यावर पेन खाली ठेवून म्हणाले, "मला साक्षीदार करू नकोस."

मी भडकले. "एक सहीसुद्धा जड झाली का हो?"

"अगं, साक्षीदार मागे राहणारा लागतो," हे म्हणाले. "मी तुझ्या शेजारी असणार. नकाशा कुठाय?"

सबब कलम १ मध्ये दुरुस्ती: आम्ही दोघंही परत न आल्यास घर दोन्ही मुलांना समसमान. दुसऱ्या साक्षीदार म्हणून नजीरभाईंच्या पत्नीला बोलावून घेतलं आहे. दुरुस्तीसह सगळं दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

चंद्रभागा शेखर आहेर (सही)
साक्षीदार: १. नजीर शेख (पुन्हा सही)
२. रेहाना नजीर शेख (सही)