गाडी कुणाच्या हातात तापते

४ एप्रिल

आजही गाडी तापली म्हणे! माझ्या हातात नाही — जावईबापूंच्या. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. चष्म्याच्या दुकानात काम करतो, स्क्रू कुठल्या बाजूला आवळतात तेही अजून माहीत नाही. अण्णांना खांद्याच्या व्यायामाला घेऊन गेला तो जेवणं उरकल्यावर उगवला. ‘पूल उतरल्यावर थांबावं लागलं दादा, इंजिन तापलं.’ मागून अण्णा उतरले. चेहरा उन्हानं लाल, पण हसत होते. हसत!

माझी सकाळपाळी असली की तो नेतो, नसली की मी. अण्णांना रिक्षा चालत नाही. ‘घरात गाडी असताना भाड्याची कशाला?’ गाडी म्हणजे त्यांचीच जुनी मोटरसायकल, वयानं माझ्याहून मोठी. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन. पुढून वारा लागला की खूश, गर्दीत उभी राहिली की तापली. आणि या उन्हात तो पूल म्हणजे नुसती मुंगीची चाल. तरी माझ्या हातात ती एकदाही तापलेली नाही. एकदाही नाही!

५ एप्रिल

माझा दिवस. पुलावर नेहमीसारखी वाहतूक तुंबलेली. मी माझी पद्धत सोडली नाही. पुढच्याला चिकटायचं नाही, अंतर ठेवायचं — म्हणजे थांब-नीघ, थांब-नीघ न करता हळूहळू सरकत राहता येतं आणि इंजिनाला थोडा तरी वारा मिळतो. अर्धा क्लच दाबून लोंबकळायचं नाही. मोठा सिग्नल लागला की सरळ बंद करून टाकायची.

पूल उतरल्यावर कालव्याच्या कडेला झाडं आहेत. तिथं अण्णा म्हणाले, ‘वास येतोय का रे? थांबू या का जरा?’ मी म्हटलं, ‘कसला वास? माझ्या हातात तापत नाही. तुम्ही बसा निवांत.’ थेट दवाखान्याच्या दारात उतरवलं. परत येतानाही कुठं पाय टेकवला नाही.

दिवसभर अण्णांकडून ‘बरं आणलंस’ एवढंसुद्धा नाही.

८ एप्रिल

परत उशीर. परत ‘तापली’.

आणि जेवताना अण्णा काय सांगतात, तर — ‘लग्नानंतर तुझी आई या गाडीवर बसायलाच घाबरायची. मग मी गाडी ढकलत न्यायचो आणि ती शेजारून चालायची. लोक विचारायचे, पेट्रोल संपलं का हो? आज जावईबापूंना सांगत होतो तेच.’

जावईबापूंना! आई जाऊन वर्ष झालं. या वर्षात तिच्याबद्दल माझ्याशी एक शब्द नाही. पोटचा मुलगा मी, आणि गोष्ट मला उरलेली आमटी वाढावी तशी वाढली.

बायको म्हणाली, ‘चेहरा बघा आरशात.’ मी म्हटलं, त्याला गाडी चालवता येत नाही म्हणून राग आलाय. ती म्हणाली, ‘गाडी वाऱ्यानं थंड होते. तुम्ही कशानं होता तेवढं सांगून ठेवा.’

१० एप्रिल

धाकटीचा फोन. ‘दादा, अण्णांनी आता आमच्याकडेच राहायला यावं असं आम्हा दोघांना वाटतं. पुढची खोली रिकामीच आहे. यांच्याशी किती मोकळे बोलतात अरे ते!’

मी विचारलं, अण्णांचं म्हणणं काय? ‘व्यायाम संपले की सांगतो म्हणालेत.’

म्हणजे नाही म्हणाले नाहीत! आजारपण आम्ही काढलं, अंघोळीला हात धरून मी नेलं, रात्रीचा शेक बायकोनं दिला, आणि हा आयत्या बिळावर नागोबा! रोज गाडी तापवायची, सावलीत बसवायचं, गोडगोड बोलायचं. सगळं कळतंय मला. गाडीच तापली नाही तर? मग काय करेल?

११ एप्रिल

रजा टाकली. सकाळपासून गाडी आणि मी.

सिलिंडरभोवतीच्या पात्यांमध्ये चिखल वाळून दगड झाला होता. जुन्या दातांच्या ब्रशनं एकेक फट मोकळी केली. ऑइल बदललं, उन्हाळ्याचं जाड घातलं. कार्बोरेटरमध्ये हवा किंचित कमी केली, पेट्रोल तसूभर जास्त — पोटाला कमी पडलं की हे इंजिन लगेच चिडतं. मागचा ब्रेक चिकटून घासत होता, तो सैल केला. पुढच्या गार्डला पावसाळ्यात बांधलेला रबराचा पडदा वारा अडवत होता, तोही कापून टाकला. हाताची सालं निघाली, पण काय आवाज द्यायला लागली! घड्याळ!

अण्णा खुर्ची टाकून सगळा वेळ बघत होते. शेवटी विचारलं, ‘आता नाही का तापायची?’

‘कुणाच्याही हातात नाही!’ मी म्हटलं.

अण्णा उठून आत गेले. खुर्चीसुद्धा मीच उचलली.

१३ एप्रिल

आज त्याची पाळी. आले — उशिरा. ‘तापली दादा.’ शक्यच नाही!!

१४ एप्रिल

दोष गाडीत नाही. माणसात आहे.

१७ एप्रिल

आज कामावरची पाळी बदलून घेतली. घरी कुणाला सांगितलं नाही. बसनं पूल ओलांडला आणि कालव्याजवळच्या टायरवाल्याच्या टपरीमागं जाऊन उभा राहिलो. या वयात! टायरवाल्यानं विचारलंच, ‘वसुलीवाले का?’

पुलावर ट्रकना बंदी केलेली, रस्ता मोकळा. गाडी आली ती वारा पीत आली. ना वास, ना टकटक. आणि झाडाखाली थांबली! जावईबापूंनी इंजिनाकडे वाकूनसुद्धा पाहिलं नाही. दोघं कठड्यावर बसले, माझ्याकडे पाठ करून. अण्णा बोलत होते. काय ते बोलणं! मध्येच हसायचे, मध्येच चष्मा काढून पुसायचे. आखडलेला हात, जो दवाखान्यात ओरडल्याशिवाय खांद्यावर जात नाही, तो बोलताबोलता डोक्यावर गेला.

मला रडू आलं की राग आला, कळलं नाही. मीही इतकी वर्षं त्यांच्याच घरात आहे. माझ्यापुढं हा माणूस असा कधी बसला?

बऱ्याच वेळानं मागून जाऊन इंजिनाला तळहात लावला. कोमट! तरी दोघं उठायचं नाव घेईनात.

घरी मी आधी पोचलो. ते आले आणि त्यानं तोंड उघडलं — ‘दादा, आज पण—’

पुढचं बोलू दिलं नाही. ‘खोटं! मी होतो तिथं! गाडी तापली नव्हती. म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात बसवून फितवताय? खोली रिकामी आहे म्हणून?’ आणखी बरंच बोललो. नको तेही बोललो. त्याच्या चष्म्याच्या दुकानावरूनही बोललो.

त्यानं एकदा अण्णांकडे पाहिलं. मग खाली. ‘चुकलं दादा. मला इंजिनातलं कळत नाही.’ किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. अण्णा पाण्याचा पेला हातात धरून उभे होते. प्यायलेच नाहीत.

बायको मला जेवायला वाढून आत निघून गेली. जिंकलो मी. मग घास का उतरत नाही?

१९ एप्रिल

आता रोज मीच नेतो. गेलो, आलो. गाडी थंड. अण्णाही.

२१ एप्रिल

व्यायाम घेणाऱ्या बाई वैतागल्या. ‘आजोबा, मागच्या आठवड्यात हात छान वर जात होता. झालं काय?’ अण्णा म्हणाले, ‘ऊन फार आहे.’ बाईंनी माझ्याकडे पाहिलं. जसं काही ऊन मीच पाडतो.

संध्याकाळी धाकटीनं फोन केला, माझ्याशी बोलली नाही, अण्णांना दे म्हणाली. अण्णा गॅलरीत जाऊन बोलले. दार लावून! खोलीला रंग देतायत, एवढं ऐकू आलं. त्या भिंतींचासुद्धा हेवा वाटला. त्या रोज ऐकतील ना.

बायकोला विचारलं, मी काय कमी केलं? ती म्हणाली, ‘कमी काही नाही केलंत. सगळं वेळेत केलंत.’ टोमणा होता की कौतुक, विचारायचं धाडस झालं नाही.

२३ एप्रिल

उद्या शेवटचा व्यायाम. मग अण्णा त्यांचा निर्णय सांगणार. दुपारी कपाटातून त्यांची बॅग काढून झटकताना दिसले. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं.

२४ एप्रिल

पूल मोकळा होता. वारा छान लागत होता, इंजिन सुरात. कालव्याची झाडं आली आणि अण्णांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. दुखऱ्या हातानं. ‘थांबव रे. तापली गाडी.’

म्हणजे जावईबापू नव्हेत! थांबायला रोज अण्णाच सांगायचे! आणि त्या भल्या माणसानं माझी सगळी बोलणी मुकाट खाल्ली, पण यांचं नाव घेतलं नाही.

मी म्हटलं, ‘हो अण्णा. फारच तापलीय.’ आणि गाडी सावलीत लावली.