तापाच्या रकान्यात

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि त्याचा मी एकदा फायदा घेतला. ते आज लिहून काढतो आहे.

काल चिखलीच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी गावोगावच्या मृत्यूच्या जुन्या वह्या मागवल्या आहेत. तुमच्या पाटीलकीतली सगळी पानं माझ्या हातची. मी शाळेत गेलो नाही, दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचून अक्षर कमावलं, आणि डॉक्टर म्हणाले, "अशी वही तालुक्यात नाही. एक खाडाखोड नाही!" मी ताठ बसलो. मग ते म्हणाले, पूर्वी हृदयविकाराने कोणी मेल्याचं दिसत नाही, आता दिसू लागलं आहे, पण फक्त मोठ्या घरांत; कष्ट करणाऱ्यांना हा रोग होत नाही. खरं तर मोठ्या घरात गाडी पाठवून डॉक्टर आणतात, तो रोगाचं नाव सांगतो. बाकीच्यांचं मरण आपल्या ओसरीवर ठरायचं. हे मला ठाऊक होतं. तरी मी वहीचं कौतुकच मनात घोळवत बसलो. तेवढ्यात आपल्या गावच्या माळ्याची लेक आत आली, चार पावलांत धाप लागलेली. छातीत दाबल्यावाणी होते म्हणाली. "घरात कोणाला असा त्रास?" "नाही जी. माय तं तापानं गेली. पाटलाच्या वहीत हाय, हे बसले ना पाटील, इचारा त्याईले." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. मग हा पोटातला वायू असेल म्हणत त्यांनी तिला पोटाची पूड देऊन घरी पाठवलं.

तिची माय गेली तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. तिचा बाप ओसरीखाली उभा आहे. त्या हंगामात जो तो तापानेच जात होता, म्हणून तो तोंड उघडायच्या आत मी तापाच्या रकान्यात नाव घालून मोकळा. तो सांगतो, "वांगे तोडून राह्यली होती जी. छातीत कळ आली, घामानं भिजली. अंग थंडगार. ताप कायचा?" तुम्ही माझ्यावर उखडता. "काऊन बे, आधीच लिवलं? मोठा शायना! मानसाले बोलू तं दे. खोड ते, छातीची कळ लिव्ह." मी कोरडा टाक कागदावर फिरवतो. "लिवलं?" "हाव, बाबा." आणि तुम्ही विश्वासाने अंगठा उठवता. पान स्वच्छ राहिलं. पुढे कोणी विचारलं तर मी सांगत आलो, बाबा सगळ्यांनाच ताप लिहायला लावायचे.

आज सकाळपासून दोनदा तिच्या मळ्याच्या वाटेला लागलो आणि दोनदा माघारी आलो. आता गाडी जुंपायला सांगितली आहे. तिला घेऊन चिखलीला जातो, तिच्या मायचं खरं मरण डॉक्टरांना सांगतो. जीभ अडली तर असावा म्हणून खुलासाही लिहून खिशात ठेवला आहे. चार वेळा लिहिला. चारही वेळा त्यात 'लिहिणाऱ्याची चूक' असंच उतरलं. 'माझी' हा शब्द अजून लिहवला नाही.