आत्याबाईंच्या ताटातल्या कण्या

आई, परवा दुकानात ज्वारी घेत होते तेव्हा शेजारची बाई म्हणाली, तुम्ही तर इकडच्याच ना, मग हे घाटी धान्य कशाला? ती सहज बोलली, हसून. मीही हसले. गिरणीवाल्याला जाडसर भरडून दे म्हटलं आणि घरी येऊन कण्या शिजत घातल्या. वाफेचा तो उग्र, ओळखीचा वास आला आणि मी स्टोव्हपाशी उभी राहून तुझ्याशी बोलायला लागले. बोलून भागेना म्हणून लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि आता तू नाहीसही, त्यामुळे अक्षर कसं येतंय याची काळजी नाही.

आपल्या अंगणातून घाटाची भिंत दिसायची. पावसाळ्यात ती ढगात जायची आणि तू म्हणायचीस, माझं माहेर पुसलं. तुझे वडील खोपोलीला मजुरीला उतरले, माझ्या आजोबांशी त्यांची गट्टी जमली आणि त्या गट्टीपायी तू खाली आलीस. पोरगी खाली दिली म्हणून तुझ्या भावकीनं नाकं मुरडली, घाटीण आणली म्हणून आमच्या. आमच्याकडे म्हणत, घाटी म्हणजे दगड. अंगाला पाणी नाही, पोटाला अन्न नाही, आणि बोलतो ते भांडल्यासारखं. तुझ्या माहेरी गेलं की मामेभावंडं मला कोकणी बेडूक म्हणत, आणि मामा सांगे, कोकण्याच्या घरात फणस पिकला की वास बाहेर जाऊ नये म्हणून तो आधी खिडकी लावून घेतो. तू त्यालाही हसायचीस आणि मग खाली येऊन आमची चूल पेटवायचीस. तू आजीला आत्याबाई म्हणायचीस, आजी मात्र तुला नावानं कधी हाक मारत नसे. ए घाटणी, पाणी आण. ए घाटणी, गाय सोड. मला लहानपणी ते तुझं नावच वाटायचं.

मग लढाईचे दिवस आले. पिकलेलं भात सरकारनं सक्तीच्या लेव्हीत नेलं, उरलं ते बियाण्यापुरतं. चौक गावच्या रेशनच्या दुकानातला तांदूळ संपला आणि गोणीतून जोंधळा बाहेर आला. गावातल्या बायकांनी तो उखळात कांडला आणि भातासारखा शिजवला. दिवसभर जाळ घातला तरी दाणे दाताखाली खड्यासारखे. पोरांची पोटं दुखली आणि घाट्यांना नव्यानं शिव्या बसल्या, जणू ते धान्य त्यांनीच कड्यावरून खाली लोटलं होतं. तू भाकरी थापलीस आणि आम्ही ती निमूट खाल्ली.

आजी खाईना. तिचे डोळे गेलेले, दात त्याआधीच. पेज आणि मऊ भात यावर ती जगत होती, आणि बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नाही हा दंडकही तिचाच. गुरांचं नि घाट्यांचं खाणं माझ्या तोंडाला लावू नका, एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून पडली. कोरा चहा आणि ताक, बस. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. बाबा घाबरले. तू दुपारी जात्यावर जोंधळा जाडसर भरडत बसलीस आणि तेवढ्यात शेजारची काकी आली.

काकी पायरीवर टेकली आणि तिनं तोड सांगितली. "अगं, म्हातारीला दिसतंय कुठं? माझ्याकडची मूठभर तांदळाची कणी ह्यात घाल, वर दूध ओत नि भात म्हणून भरव. तिनं नाय तुला जवळा चारला? आता तुझी पाळी हाय गं."

मी विचारलं, कसला जवळा? काकीनंच मला सांगितलं, तोंडाला पदर लावून, अजून हसू येत असल्यासारखं. तू नवी नवरी होतीस. माळकऱ्याची मुलगी, मासळी न शिवणारी, गळ्यात तुळशीची माळ. आजीनं आणि काकीनं सुका जवळा कुटून वांग्याच्या भाजीत घातला, तुला वाढला, तुझं जेवण होऊ दिलं आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं. घाटीण बाटली म्हणून सगळं घर हसलं. तू गोठ्यामागे जाऊन ओकलीस, आणि माळ काढलीस ती पुन्हा घातली नाहीस. हे सगळं तुझ्या वाट्याला आलं होतं आणि मला माहीत नव्हतं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू जातं थांबवलं नव्हतंस. "मला न्हाई जमायचं," तू काकीला म्हणालीस, पाणी नको म्हणावं तशी.

काकी गेल्यावर बाबा तुझ्यावर उखडले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. दोन शब्द खोटं बोललीस तर झिजशील काय, म्हणाले. "उद्या म्हातारी गेली तर लोक काय म्हणतील, ठाऊक हाय? घाटणीनं सासू उपाशी मारली म्हणतील." तुला ते ठाऊक होतं. माझ्याहून, बाबांहून जास्त ठाऊक होतं. तू चाळण उचललीस आणि पीठ वेगळं केलंस.

आता मी पुन्हा त्या दाराआड उभी आहे. तू कण्यांवर ताक घालून ताट आजीपुढे ठेवतेस.  "आत्याबाई, ह्या जोंधळ्याच्या कण्या हायेत. भात न्हाई. आमच्याकडं दुष्काळात ह्याच खाऊन माणसं जगली. मी बी."

आजी म्हणते, म्हणजे लोक म्हणतात ते खरंच, तुमी उपाशीच लोक. तू म्हणतेस, व्हय. बाकी काही नाही. रागानं नाही, लाजूनही नाही. आजी ताट हातानं चाचपते आणि लांब सारते. तू ते पुन्हा जवळ ओढत नाहीस, आर्जव करत नाहीस. तिथंच बसून राहतेस. बाहेर काकीची कोंबडी अंगण उकरते आहे, आणि मला वाटतं आहे की आजी आता मरणार आणि तुला सगळं गाव बोट दाखवणार.

कुडाच्या भिंतीला कान असतात म्हणतात. आजीला तर आता कानच उरले होते; काकीचं पायरीवरचं बोलणं तिनं ऐकलं होतं. ती म्हणाली, "मी तवा तुला सांगितलं नव्हतं गं. तू का सांगतेस?"

"तुमी सांगितलं न्हवतं, म्हणूनच," तू म्हणालीस.

 मग आजीनं हात पुढे केला आणि ताट कुठं आहे ते शोधलं. पहिला घास तिनं बराच वेळ तोंडात घोळवला. मीठ कमी हाय, म्हणाली. तू मीठ आणायला उठलीस तेव्हा मला तुझा चेहरा दिसला आणि तो रोजचाच होता.

ती माफीबिफी काही म्हणाली नाही. मरेपर्यंत तुला घाटीणच म्हणत राहिली, आणि कण्यांना नावं ठेवत ठेवत खात राहिली. तूही काही देवी नव्हतीस. डोंगरावरच्या वाडीतली ठाकरीण मोळी घेऊन आली की तिला तू अंगणातच बसवायचीस, तिची वाटी वेगळी ठेवायचीस, आणि त्या बाबतीत तुझं आणि आजीचं कधी भांडण झालं नाही. मी हे विसरत नाही. पण म्हणूनच त्या दुपारपुढे मी जास्त थक्क होते. देवीनं तसं केलं असतं तर त्यात नवल काय? तू तिशीतली एक बाई होतीस, सासरी परकी, पुऱ्या गावात तुझ्या बाजूचं कुणी नाही. सूड हातात आयता आला होता, आणि तो सूड दयेसारखा दिसला असता. सगळ्यांनी तुला शहाणी म्हटलं असतं. एका आंधळ्या म्हातारीचा नाही म्हणण्याचा हक्क तू राखलास, स्वतःवर बोल येईल हे पत्करून. एवढं मोठं काही मी नंतर कुठल्या मोठ्या माणसातही पाहिलं नाही, आणि मी बरीच मोठी माणसं पाहिली.

कण्या मी खाल्ल्या. तुझ्यासारख्या झाल्या नाहीत. हा कागद कुठं पोस्टात टाकायचा नाही, तेव्हा तुझ्या लेकीचं एक ऐकून ठेव. त्या दुपारी दाराआड मी देवाला विनवत होते की आईला खोटं बोलू दे. आणि आज ती वेळ माझ्यावर आली, तर आई, मी अजूनही भात म्हणूनच भरवीन.