प्राजक्ताचा नकाशा आणि तिगावकडचे मारुती

पांढुर्णा, मंगळवार

श्री. तुळशीरामजी व्याही यांना मोरेश्वरचा सविनय नमस्कार.

जामसांवलीच्या मारुतीरायाच्या कृपेनं आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? विहीणबाईंनी साक्षगंधाच्या दिवशी दिलेला चिवड्याचा डबा इकडेच राहिला आहे. तो रिकामा परत करायचा नाही, असं आमच्या सौ. जयश्रीचं म्हणणं आहे आणि त्यात काय भरायचं हे तिचं ठरत नाही, म्हणून उशीर. (चिवडा दुसऱ्याच दिवशी संपला.) जावईबापू पंकजरावांना आशीर्वाद.

पत्राचं कारण म्हणजे तुमची होणारी सून, आमची प्राजक्ता. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि मग माझा धागा सुटतो.

तर, पांढुर्णा जिल्हा झाला, साहेब लोक आले, कचेऱ्या आल्या, भाड्यानं खोली मिळेना आणि या सगळ्यांच्या पाठोपाठ कचराही वाढला. तो कुठे टाकायचा हे ठरवायचं काम ज्या कंपनीला मिळालं, तिथे प्राजक्ता नकाशे करते. माझी समजूत अशी होती, की चार जणांनी गाडीत बसायचं आणि ज्याचं गावात वजन कमी त्याच्या शेताशी गाडी थांबवायची. पण तसं नसतं. ती कॉम्प्युटरवर एकावर एक नकाशे ठेवते. एकात नदीनाले, दुसऱ्यात विहिरी, मग वस्ती, मग रेल्वे, मग जमिनीचा उतार आणि माती. नदीपासून इतकं दूर, विहिरीपासून इतकं दूर, देवळापासून इतकं दूर. ज्या तुकड्याला यातलं काहीच आडवं येत नाही, तो हिरवा. हे मला एका बैठकीत कळलं, यावरून ती समजावते किती छान ते ओळखा. (जयश्रीला माझ्या आधी कळलं होतं, पण ती बोलली नाही.)

आता असं कसब घरात झाकून का ठेवायचं? मी कापसाच्या बाजारात सांगितलं, दाढी करताना सांगितलं, तिगावच्या स्टेशनावर पॅसेंजरची वाट पाहणाऱ्या एका अनोळखी गृहस्थालाही सांगितलं. नियम एकूण एक समजावले. हेमंत अडत्यानं तर मुद्दाम चहा पाजून विचारलं, "मोरेश्वरभाऊ, ते देवळाचं काय म्हनून राहिली पोरगी?" मला वाटलं, केवढी ही ज्ञानाची आवड!

पुढे एका शनिवारी प्राजक्ता आपल्या साहेबांना हिरवे तुकडे दाखवायला निघाली. मीही गेलो. (पाण्याची बाटली धरायला कोणीतरी हवं.) पाहतो तर हेमंतच्या पडीक जागेत ओटा आणि ओट्यावर शेंदूर लावलेला मारुती. पलीकडे भिवाजीच्या बांधाशी दुसरा, त्याच्यावर पत्र्याचं छत. त्याच्याही पुढे तिसरा, त्याला घंटा. ज्या तुकड्यावर जावं तिथे देव, नाहीतर त्याच्या शेजारी. शेंदूर इतका ताजा, की नमस्कार करून करून साहेबांचा शर्ट खराब झाला. भिवाजी हात जोडून सांगत होता, "आमच्या आज्याच्या वेळचा हाय जी." मारुतीच्या पायाशी सिमेंटची अर्धी पिशवी तशीच पडली होती.

साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, सगळा नकाशा बाद, हे काम आता दुसऱ्या कोणाला तरी देऊ. व्याही, विचार करा. पोरीची नवी नोकरी, सगळा उन्हाळा रानात फिरून केलेलं काम, आणि ते मातीत घातलं कोणी, तर बापाच्या जिभेनं. घरी आल्यावर तिनं माझ्या हातातली बाटली घेतली आणि कॉम्प्युटर उघडला. मला चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी तिनं गेल्या वर्षीचा उपग्रहाचा फोटो काढला, या महिन्याचा काढला आणि दोन्ही साहेबांसमोर शेजारी शेजारी ठेवले. जामसांवलीचं देऊळ दोन्हीत होतं. बाकीचे देव एकातच. देवाला आपण हात लावत नाही, पण नकाशात जुनीच देवळं धरायची, एवढंच ती म्हणाली. साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी नकाशावर सही केली. हे सांगताना माझा ऊर भरून येतो. ना हेमंतची भीड, ना भिवाजीची, ना नात्यागोत्याची. दिवा घेऊन शोधली असती तरी अशी सून तुम्हाला मिळाली नसती.

विहीणबाईंना नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला,
मोरेश्वर

ता. क. – एक सांगायचं राहिलं. नकाशात पहिल्या नंबरचा हिरवा तुकडा म्हणजे तुमचं तिगावकडचं बरड. रागावू नका. तिथे कुसळसुद्धा उगवत नाही, असं साक्षगंधाच्या पंगतीत तुम्हीच म्हणाला होता. त्यापायी सोयरीक मोडावी इतकी ती जमीन चांगली नाही.

ता. क. २ – हरकती घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. हात जोडून विनंती, की हरकत घेऊ नका. तुमचं बरड वगळलं तर दुसरा नंबर माझ्या संत्र्याच्या बागेचा लागतो. (बाग अजून लावायची आहे, पण जागेला बाग म्हणायची घरात सवय आहे. प्राजक्तानं तिथे सरळ 'पडीक' लिहिलं.)

ता. क. ३ – पाकीट बंद करण्याआधी प्राजक्तानं पत्र वाचलं. हरकतीचा कोरा अर्ज तिनं सोबत घातला आहे. तो तुमचा हक्क आहे म्हणते. मी दोनदा बाहेर काढला, तिनं दोनदा परत घातला. वर मला म्हणाली, "अन् बाबा, तुमच्या बागेतला मारुतीही एकाच फोटोत हाय."

काय नजर आहे हो पोरीची!