मनालीचे धवले, नितेशची गाडी

१२ जाने., सोम.
नितेशला घेऊन पतसंस्थेत गेले. बंदरातल्या कंपनीची माणसं ने-आण करायचं काम ठेकेदार त्याला देतो म्हणतो, पण गाडी स्वतःची पाहिजे. पोराने आजवर दुसऱ्याच्याच गाड्या चालवल्या. सचिव रमेश ह्यांचा भाचा. म्हणाला, "मामी, कागद बरोबर हाएत. दोन सभासद जामीन आण, कर्ज झालंच समज." येताना नितेश शोरूमसमोर थांबला. पांढरी घेऊ म्हणाला. मी म्हटलं पांढरी मळते. त्यावरून घरापर्यंत वाद. बाजारात तुरी, दुसरं काय.

१४, बुध. संक्रांत
तिळगूळ घेऊन पुतण्याकडे, बाळूकडे गेले. ह्याच्या लग्नात हळदीपासून वरात घरात येईपर्यंत धवले मीच गायले. घसा बसला होता. आता म्हणतो, "काकी, हाताला मुकामार लागलाय गं, सही नाय जमायची." काल मैदानात षटकार मारत होता, सगळ्या गावाने पाहिलं. तिळगूळ घेतला. गोड बोलला. सही नाही.

१७, शनि.
शेजारच्या दत्तूभाऊंकडे. "बघू." त्यांची बायको चहा ठेवायला उठली, ते बोलले, "कशाला, ती निघालीच हाय." मी बसलेले होते.

१९
रमेशनेच शेवटी सांगितलं. कार्यालयात नाही, बाहेर आंब्याखाली. "मामी, गजाभाऊच्या मांडवात कशाला गेलीस तू?"
तर हे आहे. गजाभाऊने देवळाच्या रस्त्याला जागा दिली नाही, तेव्हापासून गाव त्याच्याशी बोलत नाही. मे महिन्यात त्याच्या मनालीचं लग्न. एकही धवलारीण गायला जाईना. धवल्यावाचून आपल्यात पोर उजवते का? मी गेले. देवक बसवण्यापासून सगळं गायले, एकटी. मागून ओळ ओढणारीसुद्धा कोणी नव्हती.
रमेश म्हणतो, "माघी पुनवेला देवळात नारळ ठेव. पंचांसमोर बोल, चूक झाली. मग जामीन किती पाहिजेत, तेवढे."

२२, गुरु.
नितेश: "आये, एवढंसं वाक्य हाय. बोलून टाक. मनात नको धरूस."
हा पहिलीत असताना ह्याच्याच पाटीवर मी अक्षरं गिरवली. आता बोलायलाही हाच शिकवतो.
त्याला कसं सांगू. धवले म्हणजे तरी काय, बोलच. ते बोल खरे म्हणून पोर सासरी नांदते. मग देवापुढचा हा बोल खोटा कसा धरू? चूक झाली म्हटलं की त्या पोरीच्या डोक्यावरचा हात काढला. मनालीला सातवा लागलाय. भलतंसलतं मनात येतं.
नितेश जेवला नाही. प्रीतीने, सुनेने, ताट झाकून ठेवलं. मीही...

२५, रवि.
गजाभाऊ आला. मागच्या दाराने. कोणाच्या पुढच्या दारात उभं राहणं त्याने सोडलंय. परड्यातल्या वालाच्या शेंगा आणल्या होत्या.
"अक्का, जा. नारळ ठेव. आम्ही बाहेर हाओतच. तू पोराचं बघ."
मी म्हटलं, "तूही सभासद आहेस ना रे, तूच हो जामीन."
हसला. "माझी सही म्हणजे बुडत्याच्या गळ्यात धोंडा."
मनालीला सांगणार नाही म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. शेंगा तशाच सुपात पडल्यात, सोलवत नाहीत.

३०
ठेकेदाराचा फोन. सोमवारी गाडीच्या कर्जमंजुरीचा कागद दाखव, नाहीतर काम दुसऱ्याला. नितेश "बरं साहेब, बरं साहेब" करत होता. मग पायरीवर बसून राहिला. पाठीमागून अगदी ह्यांच्यासारखा दिसतो, मिठागर बंद झालं त्या वर्षीचे हे. तो बसणारा माणूस मी एकदा पाहिलाय. पुन्हा नको.

१ फेब्रु., पुनव
प्रीतीने नारळ धुऊन पिशवीत ठेवलाय. पातळाला इस्त्री केली.
सकाळपासून चुलीपुढे म्हणून बघते. चूक झा... तिथेच अडते. जीभ आपसूक चालीवर चढते आणि मांडवातलीच ओळ येते. पाणी प्यायले. पुन्हा म्हटलं. पुन्हा तीच.
नितेश चपला घालून दारात. "आये, निघायचं ना?"
येते म्हटलं. पंच बसले असतील. गाव जमला असेल. तिथे तोंड उघडल्यावर काय बाहेर येईल, मला माहीत नाही.