दारातलं खाकरणं

जुन्नर,
४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. समृद्धीस,
सासूकडून तुला आणि छकुलीला अनेक आशीर्वाद. वि. वि.

भरत म्हणतो, त्याच्या लेकीचं, छकुलीचं नाक आजीवर, म्हणजे माझ्यावर गेलंय. बिचारी!

तुझे अप्पा बाळंतपणानंतर तुम्हा दोघींना इकडे पोचवायचा दिवस ठरवायला आले, दारात खाकरले, आणि मी मागच्या दाराने परसात पळाले. ते अर्धा तास ओसरीवर एकटे बसून, पाण्याशिवाय परत गेले. आता तुम्हाला फाटकाशी सोडून माघारी फिरेन, आत पाऊल टाकणार नाही, असं म्हणाल्याचं कळलं.

तो राग नव्हता गं. भीती होती, आणि तीही त्यांची नाही. माझे वडील दारात असेच खाकरायचे. त्या आवाजासरशी आई माझ्यापुढचं ताट उचलायची आणि मी गोठ्यात लपायची. मार कशावरून बसेल याचा नेम नसे. पुढे आईने मला पुण्याला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात धाडलं. तिथल्या सिस्टर आधी नावाने हाक मारत, मगच आत येत. त्यांची मी जन्माची ऋणी आहे.

वडील जाऊन वीस वर्षं झाली. पाय मात्र अजून मला न विचारता पळतात, हे परवा परसातल्या पेरूखाली उभी असताना, साठाव्या वर्षी कळलं. फोनवर हे बोलता आलं नसतं. अप्पांना वाचून दाखव.

तुझी,
आई

लोणी,
१० फेब्रुवारी

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं.  अप्पा म्हणाले, की बायामाणसांच्या घरात मुकाट शिरू नये म्हणून आमी खाकरतो, त्यानं कुणाचा जीव घाबरत आसंल हे म्हातारा झालो तरी ठावं नव्हतं.

आई, मुलगी झाली म्हणून तुम्ही तोंड चुकवलंत, असं मला वाटलं होतं. रडलेही. रविवारी येतोय, तेव्हा मला रागवा.

तुमची,
समृद्धी

जुन्नर,
१८ फेब्रुवारी

श्री. हौशीरामभाऊंस,
स. न. वि. वि.

रविवारी लेक-नातीला घेऊन आलात, आणि फाटकातूनच तुम्ही ओरडलात, की उज्ज्वलाताई, लोणीचा हौशीराम आलोय, लई तहान लागलीय! शेजारच्या ठकूबाईच तांब्या घेऊन धावल्या.

खरं सांगते, माझे पाय तरीही मागच्या दाराकडे वळले. पण उंबऱ्याशी थांबले. वडिलांनी मला कधी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. तुमचे उपकार कसे फेडू?

आज सकाळी छकुली पाळण्यात बारीकशी खोकली. पाय पुन्हा मला न विचारता धावले. पाळण्याकडे.

असेच हाक मारत येत राहा, बहिणीवर माया असू द्या.

आपली,
उज्ज्वला