रविवारी हलणारा बाण

प्रिय दिपा,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. आखाजीच्या सणापासून रोज कागद काढतो आणि रोज परत ठेवून देतो. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, लिहायचं म्हटलं की एक ओळ लिहितो आणि दोन खोडतो. त्यात मनात येतं, हे दुसऱ्याच कुणाच्या हाती पडलं तर? म्हणून पोस्टात टाकलं नाही. आपल्या गल्लीतल्या मंदाबाई माहेरी धुळ्याला चालल्या आहेत, त्यांच्याजवळ पापडाचा डबा देतोय, पत्र त्या गुपचूप तुझ्या हातात देतील. पापड सासूबाईंना दे. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तुझ्या आईचे डोळे तसेच आहेत. दारात कुणी उभं राहिलं तर आकार कळतो, तोंड कळत नाही. तू लग्नाआधी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची सिस्टीम बसवून दिलीस तेव्हा मी किती कुरकुरलो होतो, जग वापरतं ते सोडून हे काय भलतंच म्हणून. तू म्हणालीस, नाना, जुन्या मशीनला हेच झेपतं, आणि आईला बातम्या वाचून दाखवणारा प्रोग्राम यात फुकट मिळतो. पॅकेज म्हणजे प्रोग्रामचं बांधलेलं गाठोडं, हेही तू मला चहा पिता पिता सांगितलं होतंस. एकच मोठं भांडार, सगळं तिथूनच मागवायचं, रस्त्यावरून कुणाचंही उचलून आणायचं नाही. आणि एक पॅकेज बोलावलं की त्याला लागणारी बाकीची आपोआप येतात, मानाच्या पाहुण्याबरोबर त्याचा गोतावळा येतो तशी. ते मला पटलं होतं.

लग्नानंतर तू दर रविवारी धुळ्याहून, तुझ्या लॅपटॉपवरून, नेटने आपलं मशीन सांभाळायचीस. कुणी हात न लावता स्क्रीनवरचा बाण हलायला लागायचा. आईचा तो प्रोग्राम स्क्रीनवर उघडणाऱ्या खिडक्यांची नावं वाचू लागला की तुझी आई पोळी तव्यावर तशीच सोडून यायची, म्हणायची, "उनी माय, दिपा उनी." मग तू खरोखर घरी आल्यासारखं खुर्ची ओढून बसायची. तिला बाण दिसत नव्हता, तरी काम संपेपर्यंत उठायची नाही.

होळीनंतर बाण हलला नाही. मला वाटलं, नेट बंद असेल. मग वाटलं, तू आजारी असशील. फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, ती भाकरी टाकतेय. दुसऱ्यांदा केला तर जावई ललितराव म्हणाले, "नाना, ते कॉम्प्युटरचं खूळ आता सोडा, तिला तिचं घर आहे." आखाजीला सगळ्या लेकी माहेरी आल्या, तू तेवढी नाहीस. समोरच्या कमलबाईंच्या तिघी झोक्यावर बसून गाणी म्हणत होत्या. तुझ्या आईने त्या बाजूची खिडकी लावून घेतली. त्या वेळी जावई म्हणाले होते, पुढच्या महिन्यात पाठवतो.

इकडे स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज पाटी यायची, अपडेट बाकी आहे. मला चैन पडेना. तुझ्यामागे उभं राहून पाहिलेलं होतं, पासवर्ड तू मला पाठ करून घेतला होतास, म्हणून मीच ते सुरू केलं. निम्मं झालं असेल नसेल, वादळ आलं आणि लाईट गेली. नंतर मशीन उठलं खरं, पण मुकं. आईचा प्रोग्राम बोलेना. पुन्हा बसवायला गेलो तर आधीचं काम अर्धवट आहे म्हणून नवीन घेईना, काढायला गेलो तर काढू देईना. इंग्रजी ओळींवर बोट फिरवत मी घामाने ओला झालो. तुझी आई सारखी विचारत होती, बोलत का नाही? मी म्हणायचो, दमलंय.

दुकानवाल्या गिरधरला बोलावलं. तो हसत म्हणाला, "नाना, फॉरमॅट मारू, दुसरी सिस्टीम टाकू, जेवायच्या आत मोकळे." मी म्हटलं, तिने बसवलेलं पुसायचं नाही. तो म्हणाला, "मग तिलाच बोलवा ना भो!" तो शिव्या घालत निघून गेला, पण चप्पल विसरल्यासारखा परत आला, आणि बसला.

मंदाबाई मागच्या खेपेला धुळ्याच्या देवपुरात तुझ्या घरावरून गेल्या होत्या. त्यांनी मला सांगितलं, तुझ्या आईला नाही. तू दाराच्या आतूनच बोललीस. लॅपटॉप कपाटात आहे आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. वाण्याकडे जायचं तरी कुणीतरी बरोबर असतं. मंदाबाई म्हणाल्या, "मारहाण नाही शे नाना, पण पोर कोंडाई गई." दुसऱ्याच दिवशी बसने यायला निघालो होतो, जळगावच्या स्टँडवरूनच परत फिरलो. काय म्हणून दारात उभा राहू? लेकीच्या घरी बाप भांडायला गेला तर नंतर तुलाच सोसावं लागेल.

आता हे नीट वाच. मशीन दुरुस्त झालं आहे. अर्धवट काम कसं पुरं करायचं ते स्क्रीनवरच लिहून आलं होतं, गिरधरने ती ओळ तशीच टाईप केली आणि सगळं मार्गी लागलं. तुझी आई आत्ता बातम्या ऐकतेय. पण ते मी बंद करून, गोधडीत गुंडाळून धुळ्याला आणणार आहे आणि तुझ्या सासरच्या ओट्यावर ठेवून सांगणार आहे, की हे बिघडलं, आंधळ्या बाईचा आधार गेला, लेकीशिवाय कुणाला जमत नाही. तू उघडून बघ आणि म्हण, इथे होणार नाही, स्क्रीन घरी आहे, जळगावला जाऊनच करावं लागेल. नाही म्हणाले तर मी मांडीवर मशीन घेऊन ओट्यावरच बसून राहीन. येणारे-जाणारे विचारतील तेव्हा त्यांनाच उत्तर द्यावं लागेल. आयुष्यात असं खोटं बोललो नाही, तोंडात शब्द अडकतील म्हणून रोज भिंतीसमोर म्हणून बघतो. पण तुला यायचं आहे की नाही, हे मला ठाऊक नाही, आणि तुझ्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही. मंदाबाई सोमवारी परत निघतील. कागदावर काही लिहू नकोस, त्यांच्या कानात एवढंच सांग, नानांना या म्हणावं किंवा नको म्हणावं. काहीही सांग, पण निरोप धाड बाई, लवकर धाड.

तुझाच,
नाना